कार्ड आणि कसब

लातूरहून मालवण रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या घरात आहे, नांदेडहून सहाशेच्या पुढे. तरीही दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तारकर्लीच्या किनाऱ्यावर एमएच-२४ आणि एमएच-२६ पासिंगच्या गाड्या सहज दिसतात. त्यांतून उतरणाऱ्या मंडळींच्या बेतात सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणी थाळी यांच्या जोडीला ‘स्कूबा’ हे तिसरे कलम ठरलेले असते. होडीत बसताना थोडी माहिती मिळते, हाताच्या चार खुणा सांगितल्या जातात, तोंडात रेग्युलेटर येतो आणि एक सराव झालेला तरुण सिलिंडरला धरून पर्यटकाला काही मीटर खाली नेतो. मासे दिसतात, व्हिडिओ निघतो, आणि माणूस ‘स्कूबा केला’ असे सांगत गावी परततो. यात गैर काही नाही. फक्त यात शिक्षण नाही. पाण्याखाली तोल सांभाळला तो गाइडने, हवा किती उरली ते पाहिले त्याने, वर कधी आणि किती वेगाने यायचे हे ठरवले त्यानेच. कसब त्याचे होते. पर्यटक त्याचा पाहुणा होता. या पुस्तकाचा विषय त्यापुढच्या पायरीपासून सुरू होतो. तीन-चार दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला की ‘ओपन वॉटर’चे कार्ड मिळते. ते दाखवून जगात कुठेही सिलिंडर भाड्याने घेता येतो आणि आपल्याच तोलामोलाच्या एका जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरता येते, शिक्षकाशिवाय. म्हणजे गाइडच्या अंगातले कसब या तीन-चार दिवसांत शिकणाऱ्याच्या अंगात उतरायला हवे. ते उतरते का, आणि उतरत नसेल तर कशामुळे, या प्रश्नाभोवती हे पुस्तक उभे आहे. माझे मत आरंभीच सांगतो. प्राथमिक शिक्षणाचा दर्जा छापील अभ्यासक्रमापेक्षा दोन गोष्टींवर अवलंबून असतो: उथळ पाण्यात एकच कृती किती वेळा करून घेतली, आणि ‘अजून जमलेले नाही’ असे म्हणण्याची मोकळीक शिक्षकाला आहे की नाही. लांबून आलेल्या, मोजकी रजा घेतलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टींना पहिली कात्री लागते.

मराठवाड्याच्या वाचकाला हा मुद्दा पटवून द्यायला पुस्तकी उदाहरण लागत नाही. विहीर आणि बारव हीच इथली पोहण्याची शाळा. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर, काठावर चुलता नाहीतर मामा उभा, आणि आठ-दहा दिवसांत पोरगे पाणी तोडू लागते. या शाळेत दमाला मोठा मान. तळाची माती मुठीत घेऊन वर येईल तो खरा पोहणारा. तो काठावर छाती भरून श्वास घेतो, तो कोंडून खाली जातो आणि तसाच वर येतो. खाली जाताना त्याच्या फुप्फुसातली हवा दाबाने आकसते आणि वर येताना पुन्हा मूळच्या आकाराची होते, त्याहून मोठी कधीच होत नाही. स्कूबात गणित उलटे पडते. समुद्रात १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, आणि रेग्युलेटर त्या दाबाचीच हवा देतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास कोंडून माणूस वर आला तर ती हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. पुरी भरलेली छाती घेऊन सव्वा मीटर वर येणेसुद्धा फुप्फुस फाटायला पुरेसे ठरू शकते. मग हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचतात. विहिरीने ज्याला गुण म्हटले तोच इथे जीव घेऊ शकतो. म्हणून पट्टीचा पोहणारा हा सोपा विद्यार्थी असतो असे समजणे चूक आहे. पाण्याची भीती नसणे ही त्याची जमेची बाजू, पण घाबरल्या क्षणी त्याचे शरीर लहानपणापासूनच्या सवयीकडे धाव घेणार आणि श्वास कोंडणार. ‘श्वास रोखू नका’ हे वाक्य एकदा सांगितल्याने ती सवय मोडत नाही. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर काढणे, सुटलेला रेग्युलेटर शोधून परत तोंडात घेणे, या कृती श्वास चालू ठेवून इतक्या वेळा व्हाव्या लागतात की गडबडीतही हात आणि छाती नवी सवय धरतील. कानांचेही तसेच. प्रमाणाने पाहिले तर दाबातला सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरांतच पडतो, त्यामुळे ‘उथळ म्हणजे सुरक्षित’ हा समज निदान कानाच्या पडद्याला लागू नाही. नाक चिमटीत धरून हळूच दाब देण्याची जी रीत शिकवतात ती सतराव्या-अठराव्या शतकातल्या व्हाल्साल्व्हा या इटालियन वैद्याच्या नावाने ओळखली जाते. ती दुखायला लागण्याच्या आधी करायची असते, नंतर नव्हे, आणि एवढी साधी बाबदेखील घाईच्या शिकवणीत निसटते.

हे शिक्षण आज ज्या आकाराला आले आहे त्याचा प्रवास फारसा जुना नाही. दाबाखालच्या शरीराचे शास्त्र आधी आले; जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. सामान्य माणसाला वापरता येईल असे साधन १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी बनवले. साधन बाजारात आले आणि शिकवणारे मात्र नव्हते, अशी काही वर्षे गेली. त्या पोकळीत पहिली परंपरा आली ती नौदलाच्या आणि संशोधन संस्थांच्या पाणबुड्यांची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्था आणि लॉस एंजेलिस काउंटी यांनी १९५०च्या दशकात अभ्यासक्रम आखले. त्यांत दमछाक करणारे पोहणे होते आणि पाण्याखाली मास्क ओढून काढण्यासारखी मुद्दाम केलेली छळणूकही. गळतील ते गळोत, उरतील ते पक्के, असा तो हिशेब. दुसरी परंपरा क्लबांची. ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब १९५३ चा, आणि राष्ट्रीय महासंघांना एकत्र आणणारी सीएमएएस ही संघटना १९५९ ची. इथे शिक्षक बहुधा हौशी स्वयंसेवक असतो, शिकणे आठवड्यातून एखादी संध्याकाळ करत काही महिने चालते, आणि शिष्य पुढेही त्याच क्लबात, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर राहतो. तिसरी परंपरा व्यवसायाची. अमेरिकेत १९६० मध्ये नॉई, १९६६ मध्ये पॅडी आणि १९७० मध्ये एसएसआय या संस्था आल्या. पैकी पॅडीने लांबलचक अभ्यासक्रमाचे तुकडे केले. सुटका करणे, खोल जाणे, रात्रीची बुडी हे पुढच्या सशुल्क टप्प्यांवर गेले आणि पहिला टप्पा सुट्टीत बसेल इतका आटोपशीर झाला. किती तास घातले यापेक्षा ठरलेली कृती जमली का, यावर उत्तीर्ण करायचे हे तिचे तत्त्व. आज भारतात गोवा, अंदमान, लक्षद्वीप, पुदुच्चेरी, नेत्राणी किंवा मालवण, कुठेही शिका, बहुतेक ठिकाणी याच तिसऱ्या परंपरेचे कार्ड हाती येते. चौथा प्रवाह अलीकडचा. गुहांमध्ये उतरणाऱ्यांच्या शिस्तीतून आलेल्या ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्ससारख्या संस्था पाण्यात आडवे, स्थिर तरंगणे हे कौशल्यांचे शिखर न मानता पहिली पायरी मानतात, आणि नापास करायला कचरत नाहीत.

व्यावसायिक परंपरेला नावे ठेवणे सोपे आहे, आणि या विषयावरच्या बऱ्याच लिखाणात तेच होते. मला ते अन्यायाचे वाटते. स्कूबा शिकण्याचे दार नौदलाच्या आणि क्लबांच्या अंगणातून काढून ते बायकांना, पन्नाशीच्या माणसांना, दहा वर्षांच्या मुलांना आणि समुद्र न पाहिलेल्या गावांना उघडले ते याच परंपरेने. जमेपर्यंत शिकवायचे हे तिचे तत्त्वही चोख आहे. तक्रार तत्त्वाविषयी नाही, त्याचे पुढे काय होते याविषयी आहे. ‘जमणे’ म्हणजे कितीदा जमणे? कॅलिफोर्निया विद्यापीठातले ग्लेन एगस्ट्रॉम यांनी एकाच रेग्युलेटरवर दोघांनी आळीपाळीने श्वास घेण्याचे कौशल्य तपासले. चुका न होता ते हातून होण्यासाठी १७ ते २१ यशस्वी आवर्तने लागतात, आणि सराव सुटल्यावर तीन महिन्यांत ते पुन्हा ढासळते, असे त्यांना आढळले. तीन दिवसांच्या अभ्यासक्रमात एखादी कृती शिक्षकासमोर एकदा-दोनदा पार पडते आणि यादीत बरोबरची खूण होते. नियम मोडलेला नसतो, खूण खोटी नसते, आणि तरीही विद्यार्थ्याला ते आलेले नसते. लेखी भागाचेही तेच. पॅडीची अंतिम परीक्षा ५० बहुपर्यायी प्रश्नांची, ७५ टक्क्यांना उत्तीर्ण. नीटची तयारी करणाऱ्या लातूरच्या मुलाला ती चहा पिता पिता सोडवता येईल.

लातूरचे नाव इथे सहज आलेले नाही. ‘लातूर पॅटर्न’वर टीका कितीही झाली तरी त्याचे बळ कशात आहे हे या शहराला ठाऊक आहे: एकच धडा पुन्हा पुन्हा, चाचणीवर चाचणी, चुकलेले उत्तर परत सोडवून घेणे. त्यातले दुबळेपणही ठाऊक आहे: गुणपत्रिका हेच ज्ञान समजण्याचा मोह. घाईच्या स्कूबा अभ्यासक्रमाने यातले दुबळेपण उचलले आणि बळ सोडून दिले. प्रमाणपत्राची जवळजवळ हमी, आवर्तने मात्र नाममात्र. गंमत अशी, की मुलाला क्लासला घालण्यापूर्वी कोण शिकवते, एका तुकडीत किती मुले, टेस्ट किती होतात, हे खोदून विचारणारे पालक त्याच मुलाला समुद्रात अनोळखी माणसाच्या हाती देताना दराखेरीज काहीच विचारत नाहीत.

यावर पहिला आक्षेप मानकांचा येतो. दर्जा ही ज्याच्या-त्याच्या मताची बाब राहिलेली नाही, असे म्हणतात. स्वतंत्रपणे बुडी मारणाऱ्याने काय करून दाखवावे हे आयएसओ २४८०१ च्या दुसऱ्या भागात लिहिलेले आहे, शिक्षकांसाठी आयएसओ २४८०२ आहे, पर्यटकांच्या ओळखीच्या बुडीसाठी आयएसओ १११२१ आहे. संस्थांचे स्वतःचे नियमही पुरेसे स्पष्ट आहेत. ओळखीची बुडी १२ मीटरपेक्षा खोल नाही, समुद्रात एका शिक्षकामागे जास्तीत जास्त चार जण. पूर्ण अभ्यासक्रमात आधी २०० मीटर पोहून दाखवा किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केल लावून ३००, दहा मिनिटे तरंगा, मग बंदिस्त पाण्यातले पाच भाग, मग समुद्रातल्या चार बुड्या. हे सारे खरे. पण मानक ही किमान रेषा असते आणि बाजारात किमान रेषेलाच कमाल समजण्याची ओढ असते. शिवाय मानक विद्यार्थ्याने काय करून दाखवावे हे सांगते. ते त्याने गुडघे टेकून दाखवले की तरंगत, एकदा दाखवले की दहा वेळा, घाबरत दाखवले की शांतपणे, हे बरेचसे शिक्षकाच्या विवेकावर सोडते. तो विवेक वापरायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कोणी देत नाही. विद्यार्थ्याने फी कार्डासाठी दिलेली असते, परतीची तिकिटे काढलेली असतात, आणि ‘आणखी एक दिवस थांबा’ म्हणणाऱ्या शिक्षकाच्या पदरी नाराजी आणि पडलेले रेटिंग येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि या पुस्तकाने तो टाळलेला नाही. इतके सगळे वाईट असेल तर माणसे मरत का नाहीत? अमेरिकेतल्या डायव्हर्स अॅलर्ट नेटवर्कच्या विमाधारकांमध्ये २००० ते २००६ या काळात दर लाख माणसांमागे वर्षाला १६.४ मृत्यू झाले. ब्रिटिश क्लबाच्या सदस्यांमध्ये हाच आकडा १४.४ होता. म्हणजे महिनोन्‌महिने शिकवणारी परंपरा आणि आटोपशीर परंपरा यांच्यात मृत्यूंच्या बाबतीत म्हणावे असे अंतर नाही. मी हा पुरावा मान्य करतो आणि त्यातून निघते तेवढेच घेतो: अभ्यासक्रमाची लांबी ही दर्जाची खूण नव्हे. क्लबाचा सदस्य थंड, गढूळ ब्रिटिश पाण्यात उतरतो हे विसरता येत नाही, आणि वय व हृदयविकार हे मृत्यूचे मोठे कारण कोणत्याही शिक्षणाने पुसले जात नाही, हेही खरे. पण डायव्हर्स अॅलर्ट नेटवर्कमधलेच पेटार डेनोबल आणि सहकाऱ्यांनी १९९२ ते २००३ दरम्यानच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास केला. ज्या प्रकरणांत अनर्थाची सुरुवात कशाने झाली हे कळू शकले, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ती हवा संपण्याने किंवा अपुरी पडण्याने झाली होती. सिलिंडरवरचा काटा बघणे हे काही अवघड शास्त्र नाही. ते पहिल्याच दिवशी शिकवले जाते. माणसे ते करत नाहीत, कारण तोल सांभाळण्यात, मास्कच्या धास्तीत आणि जोडीदाराला शोधण्यात त्यांचे सगळे लक्ष खर्च झालेले असते. हात आणि श्वास आपोआप चालू लागले तरच डोळे काट्याकडे जातात. त्यामुळे मृत्यूंच्या आकड्यात परंपरांचा फरक दिसत नसला तरी मृत्यूंच्या कारणांत आवर्तनांची उणीव दिसते, असा माझा निष्कर्ष आहे. आणि मृत्यू हे एकच माप घेतले तर पहिल्या कोर्सनंतर पुन्हा कधी पाण्यात न गेलेले, कान दुखावून घेतलेले, प्रवाळावर उभे राहून ते मोडणारे लोक हिशेबात येतच नाहीत.

इथेच गुडघे टेकून शिकवण्याचा वाद येतो. अनेक वर्षे बंदिस्त पाण्यातली कौशल्ये तळाशी गुडघ्यांवर बसवून शिकवली गेली. शिक्षकाला सोपे पडते: सगळे एका ओळीत, कोणी वर-खाली होत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याच्या कमरेला गरजेपेक्षा जास्त वजन बांधले जाते. पण समुद्रात गुडघे टेकायला जागा नसते, आणि असली तर ती कोणाच्या तरी घराचे छप्पर असते. मग मास्क काढण्याचे कौशल्य ज्याने बसून शिकले त्याला ते तरंगत करायची वेळ येते तेव्हा तो एक तर बुडतो नाहीतर फुगलेल्या जॅकेटनिशी वर सुटतो. पॅडीने २०१३ च्या सुमारास अभ्यासक्रमात फेरफार करून तरंगण्याच्या सरावावर भर वाढवला, तरी जुनी रीत जागोजागी चालूच आहे. पहिल्या तासापासून तरंगत शिकवा असे म्हणणाऱ्यांची बाजू मला बरोबर वाटते. भेदरलेल्या नवख्याला आधी तळाचा आधार द्यावा ही विरुद्ध बाजूही वेडगळ नाही. पण तो आधार दहा मिनिटांचा असावा, कोर्सभराचा नसावा. एखाद्या केंद्राचा दर्जा एका नजरेत कळायचा असेल तर त्यांचे विद्यार्थी मास्क कुठे आणि कसा काढतात ते बघावे.

आता मालवण. मराठी माणसाची पहिली बुडी बहुधा इथलीच, म्हणून पुस्तकाने त्याला दिलेली जागा योग्य आहे. १९८७ साली इथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पातून स्थानिक तरुणांना पाण्याखालच्या पर्यटनाचे प्रशिक्षण मिळाले आणि तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. रापण ओढणाऱ्या घरातली मुले प्रमाणित पाणबुडे झाली, ही महाराष्ट्रात शिक्षणाच्या अंगाने घडलेली एक लक्षणीय गोष्ट आहे आणि शहरी लिखाणात तिची कदर पुरेशी होत नाही. वारा, ओढ आणि खडक त्यांना जसे कळतात तसे बाहेरच्या शिक्षकाला कळणार नाहीत. पण त्यांची मिळकत माणशी दरावर आणि ऑक्टोबर ते मे एवढ्या हंगामावर अवलंबून आहे, आणि दरांची चढाओढ लागली की आकसते ती शिकवण्याची मिनिटे. परवान्याचे काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तो अपघात पाण्याखाली झाला नव्हता, तो परतीच्या होडीत झाला. शिकवण्याचा दर्जा सिलिंडरपाशी सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. लाइफ जॅकेट, होडीतली माणसांची संख्या, हवामान बघून बेत रद्द करण्याची तयारी, हे सगळे विद्यार्थी शिक्षकाच्या वागण्यातूनच शिकतो.

उरतो तो आक्षेप जो नांदेड-लातूरमध्ये सर्वांत आधी घेतला जाईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरने स्कूबाच्या शिकवणीचा विचार कशाला करावा? हा प्रश्न खोडसाळ नाही. उत्तर असे, की पुस्तक इथे नवा तलाव मागत नाही. इथून जी माणसे दरवर्षी समुद्रात उतरतातच, त्यांना डोळे उघडे ठेवून उतरता यावे एवढेच मागते. नांदेडचा प्रश्न निराळा. गोदावरीचे घाट, विष्णुपुरीचा जलाशय, गणेश विसर्जन, आणि बुडालेल्यांचा शोध घेणारे भोई समाजातले मच्छीमार व जीवरक्षक यांची परंपरा ज्या शहरात आहे, तिथे ‘स्कूबा शिकलेली चार मुले असली तर बचावाला उपयोगी पडतील’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पुस्तक या कल्पनेला ठाम नकार देते आणि मला तो त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पुराच्या गढूळ पाण्यात, जिथे स्वतःचा हात दिसत नाही आणि जाळी, तारा, बाभळीच्या फांद्या पायाला गुंडाळतात, तिथे शोध घेणे हे वेगळे शास्त्र आहे. दोरीवर काम करणारी प्रशिक्षित तुकडी, काठावर दोर धरणारा माणूस, तयारीत उभा असलेला दुसरा पाणबुड्या, हे सगळे त्याला लागते. प्राथमिक कार्ड निळ्या, स्वच्छ पाण्यासाठी दिलेले असते. ते खिशात घालून विष्णुपुरीत उतरणारा उत्साही तरुण शोधायच्या माणसांत एकाची भर घालतो.

आपल्या भागासाठी पुस्तकाने मांडलेला विधायक विचार असा, की कोर्सचा जो अर्धा भाग घाईत चिरडला जातो त्याला समुद्र लागतच नाही. पुणे, बंगळूर, हैदराबाद या बिनसमुद्राच्या शहरांत सिद्धान्त आणि तलावातले भाग पुरे करून समुद्रातल्या चार बुड्या दुसरीकडे घेण्याची सोय आहे. संस्था ती मान्य करतात. पॅडीच्या बाबतीत तलावापर्यंतचे शिक्षण बारा महिने ग्राह्य धरले जाते. हीच पद्धत नांदेड-लातूरच्या जलतरण तलावांत आणायची तर पाहुणा शिक्षक, सिलिंडरचे दोन-तीन संच आणि दहा जणांची तुकडी पुरेशी आहे. आणि मग आवर्तनांना वेळ मिळतो: शनिवार-रविवार करत महिनाभर, परतीच्या तिकिटाची तलवार डोक्यावर नसताना. क्लबांच्या परंपरेतले बळ व्यवसायाच्या चौकटीत आणण्याची ही एक वाट आहे. याला मर्यादा आहेत, आणि लेखकांनी त्या लपवलेल्या नाहीत. गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो, म्हणून तलावात ठरवलेले शिसे समुद्रात कमी पडते. माणूस आणि सामान मिळून ऐंशी किलो असतील तर फरक दोन किलोंच्या आसपास जातो. तलावात लाट नाही, ओढ नाही, मळमळ नाही. समुद्रातली पहिली बुडी म्हणूनच पुन्हा उजळणीची असावी लागते.

परतीच्या प्रवासाचा मुद्दा तर किनाऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकांत सापडणे कठीण. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एका साध्या बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानप्रवास टाळावा असे सांगितले जाते. मालवणहून लातूर-नांदेडला विमानाने कोणी जात नाही, पण दुपारी शेवटची बुडी मारून संध्याकाळच्या गाडीने आंबोलीचा घाट चढणारा माणूस तीन-चार तासांत समुद्रसपाटीवरून सुमारे सातशे मीटर उंचीवर पोहोचतो. पर्यटकाच्या एका उथळ बुडीनंतर यात काळजीचे फारसे कारण नाही. दोन दिवसांत चार बुड्या मारलेल्या नव्या कार्डधारकाला मात्र शिक्षकाने ‘आज रात्री इथेच थांबा’ असे सांगायला हवे. लातूर स्वतःच सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथल्या जलाशयांत उतरायचे झाले तरी समुद्रसपाटीची कोष्टके जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तीनशे मीटरच्या वर उंचीची दुरुस्ती करावी लागते.

लेखकांशी माझे एका ठिकाणी जमत नाही. सिद्धान्ताचा भाग मोबाइलवर आटोपण्याची जी पद्धत आली आहे तिच्याविषयी त्यांनी दाखवलेली उदारता मला जास्त वाटते. ते म्हणतात, विद्यार्थी आपल्या गतीने वाचतो, शिक्षकाचा वेळ पाण्यासाठी मोकळा होतो. हिशेबाने बरोबर आहे. पण तो मजकूर इंग्रजीत किंवा अवघड हिंदीत असतो, वाचणारा पुढे-पुढे ढकलत जातो, आणि आरोग्याच्या प्रश्नावलीत दमा, कानाचे जुने दुखणे, रक्तदाब यांपुढे ‘नाही’ अशी खूण करून मोकळा होतो, कारण ‘हो’ म्हटले तर डॉक्टरची सही आणावी लागेल हे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ही प्रश्नावली समोर बसून, मराठीत, एकेक प्रश्नाचे कारण सांगत भरून घेतली तर निम्मे शिक्षण तिथेच होते. पुस्तकाने या प्रश्नावलीवर आणि कान, फुप्फुसे, तरंगणे यांवर मराठीत जे विस्ताराने लिहिले आहे त्याचा उपयोग मोबाइलच्या आधी व्हावा अशी माझी सूचना आहे. प्रकरणांचा क्रमही लवचीक आहे. ज्याला फक्त मालवणची एक बुडी मारायची आहे त्याने कानांचे आणि गाइडला विचारायच्या प्रश्नांचे पान वाचले तरी पुरे. कार्ड घेणाऱ्याने मात्र सगळे वाचावे, आणि शिकवणाऱ्यांनी आवर्तनांचे प्रकरण दोनदा.

इथल्या तलावांत शिकवण्याच्या कल्पनेला वेळापत्रकाची एक व्यावहारिक बाजूही जुळून येते. आपल्याकडचे तलाव एप्रिल-मेच्या सुट्टीत गच्च भरतात आणि थंडीत जवळपास मोकळे असतात. मालवणचे पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वांत नितळ असते. दिवाळीनंतर महिनाभर इथल्या तलावात शिकून जानेवारीत समुद्रात उतरणारी तुकडी बसवता येते. सकाळचे पाणी गार लागेल, तेव्हा भाड्याच्या वेटसूटचा खर्च आधीच धरून ठेवावा.